समुद्री शेवाळापासून डिझेल : जमा-खर्च मांडून पाहू



गेल्या काही महिन्यांत मंडळातील तीन-चार जणांनी आम्हाला साधारण एकाच धर्तीची पत्रके वाचायला दिली. मजकूर असा : समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढवायचे, कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याला द्यायचा, शेवाळातून तेल काढून डिझेल बनवायचे. हवा स्वच्छ, इंधन स्वदेशी आणि गुंतवणूकदाराला भरघोस परतावा. त्यावर दोन प्रश्न विचारले गेले. निवृत्तीच्या पैशांतले काही यात घालावेत का? आणि किनाऱ्याकडे वडिलोपार्जित खारी जमीन आहे, ती अशा प्रकल्पाला भाड्याने द्यावी का?

आम्ही शास्त्रज्ञ नाही. पदवी वाणिज्य शाखेची आणि नोकरी बँकेतली. पण प्रकल्प नवा असो की जुना, त्याचा जमा-खर्च मांडून पाहायची सवय त्या नोकरीने लावली. म्हणून या विषयाचे जे वाचन केले, ते येथे सोप्या भाषेत मांडत आहोत. आपल्या बडोद्यात रिफायनरी, जीएसएफसी, आयपीसीएलमध्ये उमेदीची वर्षे काढलेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना यातले बरेच आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्यांनी जरूर भर घालावी.

हे शेवाळ म्हणजे काय?

तळ्याचे पाणी उन्हाळ्यात हिरवे होते ते आपण पाहतो. तो हिरवा रंग असंख्य एकपेशीय जीवांचा असतो. समुद्रातही असेच जीव आहेत. एकेकाचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते दहा पट, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. नॅनोक्लोरोप्सिस, ड्युनालिएला, टेट्रासेल्मिस ही त्यांतली काही नावे. काचेसारखे कवच असलेल्या डायटम नावाच्या जीवांचीही गणना यांतच होते.

यांना मूळ, खोड, पान, फळ काही नाही. सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे खत मिळाले की पेशी दुभंगून वाढत जातात. अनुकूल परिस्थितीत एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. जगात होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे समुद्रातले हे बारीक जीव करतात. आज आपण जे खनिज तेल उपसतो, त्याचा मोठा भागही कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या अशाच जीवांपासून तयार झाला. तेव्हा शेवाळापासून तेल ही कल्पना मुळात खोटी नाही. निसर्गाने ते काम कोट्यवधी वर्षांत, फुकट केले. आपल्याला ते काही आठवड्यांत, पैसे मोजून करायचे आहे, एवढाच फरक.

पेशीच्या कोरड्या वजनात सर्वसाधारणपणे २० ते ३० टक्के स्निग्ध पदार्थ असतो. तो काढून मिथेनॉल आणि अल्कलीबरोबर प्रक्रिया केली की बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे होतात. करडई किंवा सोयाबीनच्या तेलापासूनही हेच करता येते. शेवाळाचा फायदा असा की त्याला सुपीक जमीन लागत नाही आणि समुद्री जात असेल तर गोडे पाणीही बरेच कमी लागते. अन्नधान्याशी स्पर्धा नाही, ही त्याची खरी जमेची बाजू.

कार्बन डायऑक्साइड मुद्दाम का द्यावा लागतो?

हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे, म्हणजे ०.०४ टक्क्यांच्या आसपास. तो पाण्यात हळूहळू उतरतो. शेवाळ मात्र भर उन्हात त्याहून कितीतरी वेगाने त्याचा वापर करते आणि मग भुकेले राहते. म्हणून वायूचे बुडबुडे पाण्यात सोडावे लागतात. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातील वायूत कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो. हवेच्या तीनशे पटींहून जास्त. म्हणून धुराडे आणि तळे यांची सांगड घालण्याची कल्पना पुढे आली.

हिशेबासाठी एक आकडा लक्षात ठेवावा. कोरड्या शेवाळाचे निम्मे वजन कार्बनचे असते. त्यावरून एक किलो शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो.

तळे कसे असते? घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखे लंबगोल, फक्त २० ते ३० सेंटीमीटर खोल, आणि एका बाजूला पाणी सतत फिरते ठेवणारे पात्यांचे मोठे चाक. खोली कमी ठेवतात, कारण पाणी दाट हिरवे झाले की ऊन खाली पोचत नाही. दुसरा प्रकार पारदर्शक बंद नळ्यांचा. त्यात बाहेरचे जंतू शिरत नाहीत, पण खर्च कितीतरी जास्त. इंधनासारख्या स्वस्त मालासाठी म्हणून बहुतेक जण उघड्या तळ्यांचाच विचार करतात.

कागदावरची जमा बाजू

आता एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर तळे धरू. दर चौरस मीटरला रोज सरासरी १५ ग्रॅम कोरडे शेवाळ मिळते आणि वर्षात ३३० दिवस काम चालते असे मानू. हा अंदाज कंजुषीचा नाही. वर्षभर टिकवायला बऱ्यापैकी अवघड आहे. वर्षाला सुमारे ५० टन शेवाळ झाले. त्यात २५ टक्के तेल धरले तर साडेबारा टन.

तुलनेला सोयाबीन घ्या. आपल्याकडे हेक्टरी उत्पादन साधारण एक टन आणि त्यात तेल २० टक्क्यांच्याही आत. म्हणजे शेवाळाचे तेल साठ पटींहून जास्त. पत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो, आणि तो चुकीचाही नाही. पण तो हिशेबाच्या एकाच बाजूचा आकडा आहे.

खर्चाची बाजू

पहिला खर्च पाण्याचा उपसा. तळे कितीही हिरवेगार दिसले तरी एका लिटर पाण्यात कोरडे शेवाळ निघते सुमारे अर्धा ग्रॅम. म्हणजे एक किलो शेवाळासाठी दोन हजार लिटर पाणी हाताळायचे. ५० टनांसाठी वर्षाला १० कोटी लिटर, तेही एका हेक्टरमागे. समजा तेलाला किलोला ८० रुपये भाव मिळाला. साडेबारा टनांचे १० लाख रुपये होतात. १० लाख रुपये भागिले १० कोटी लिटर, म्हणजे दर लिटर पाण्यामागे मिळकत एक पैसा. निव्वळ नफा नव्हे, एकूण विक्री. त्या एका पैशात पाणी आणणे, फिरवणे, निवळवणे, गाळणे, तेल काढणे, खत, पगार, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज एवढे सगळे बसवायचे आहे.

दुसरा खर्च वाळवण्याचा. निवळून आणि यंत्रात घुसळून जो लगदा मिळतो, त्यात शेवाळ पाचातला एक भाग आणि पाणी चार भाग. एक किलो शेवाळ कोरडे करायला चार किलो पाणी उडवायचे. त्याला लागणारी उष्णता, आणि त्या शेवाळातून निघणारे पाव किलो तेल जाळून मिळणारी उष्णता, या दोन्ही जवळपास सारख्याच भरतात. इंधन जाळून वाळवायचे ठरवले तर हातात काय उरले? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसा प्रकार. उन्हात वाळवता येते, पण जागा आणि मजुरी वाढते. यावर एक तोड निघाली आहे : ओला लगदाच ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला प्रचंड दाबाखाली शिजवून कच्च्या तेलासारखा पदार्थ काढायचा. पद्धत चांगली आहे, पण त्या दाबाला टिकणारी यंत्रसामग्री महाग.

तिसरा खर्च खताचा. शेवाळाच्या वजनात ५ ते ८ टक्के नायट्रोजन असतो. ६ टक्के धरला तर हेक्टरी ३ टन नायट्रोजन, म्हणजे साडेसहा टन युरिया. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, हे जीएसएफसीतल्या मंडळींना सांगायला नको. म्हणजे तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून खत परत तळ्यात आणले नाही, तर एक खनिज इंधन वाचवायला दुसरे खर्ची पडते.

चौथी गोष्ट बाष्पीभवन. दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी उडाले तरी एका हेक्टरवरून रोज ५० हजार लिटर जाते. मीठ मात्र मागेच राहते. समुद्राचेच पाणी भरत गेलो तर खारेपणा वाढत जातो. मग काही पाणी सतत बाहेर सोडून नवे घ्यावे लागते, नाहीतर गोडे पाणी घालावे लागते. म्हणून ‘गोड्या पाण्याची गरजच नाही’ असे कोणी म्हटले तर पुढे विचारावे.

पाचवी गोष्ट घुसखोरांची. उघड्या तळ्यात दुसऱ्या जातीचे शेवाळ आणि शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी शिरतात. प्रयोगशाळेत निवडलेली, भरपूर तेल देणारी जात बहुधा नाजूक असते. आजूबाजूची रानटी जात तिला हुसकावून लावते. तेल वाढवण्यासाठी शेवाळाला नायट्रोजनची उपासमार घडवली तर पेशीतले तेल वाढते खरे, पण वाढच मंदावते. टक्केवारी चढते, एकूण तेल चढत नाही.

कार्बनचे खाते

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. पत्रकात लिहितात : ‘आमचा प्रकल्प इतके टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो.’ शोषतो हे खरे. पण पुढे काय होते? त्या कार्बनचे तेल होते, तेल गाडीत जळते आणि तोच कार्बन धुरातून हवेत जातो. बँकेच्या भाषेत ही मुदतठेव नव्हे, बचत खाते आहे. पैसे जमा झाले आणि काही आठवड्यांत काढलेही गेले.

मग फायदा काही नाही का? आहे. कोळशातला कार्बन एकदा विजेसाठी वापरला होता, तोच आता दुसऱ्यांदा गाडीसाठी वापरला. त्या गाडीत जे खनिज डिझेल जळले असते, ते वाचले. बचत तेवढीच, आणि त्यातूनही पंप, वाळवण, खत यांसाठी जाळलेले इंधन वजा करायचे. कोळशातला कार्बन मात्र शेवटी हवेत गेलाच. वीजकेंद्राने म्हणायचे की ‘आमचा धूर शेवाळाने शोषला, आम्ही स्वच्छ’, आणि इंधन विकणाऱ्याने म्हणायचे की ‘आमचे डिझेल कार्बनमुक्त’, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. एकच रक्कम दोन खात्यांत जमा दाखवणे म्हणजे काय, हे हिशेब तपासणाऱ्या कोणालाही कळेल.

प्रमाणाचाही विचार करावा. ५०० मेगावॉटचा कोळशावरचा एक संच वर्षाला साधारण ३० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपले एक हेक्टर तळे वर्षाला ९० टन घेते. म्हणजे एका संचासाठी ३३ हजार हेक्टर तळी. १८ किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद पट्टा. शिवाय शेवाळ रात्री काम करत नाही, धुराडे मात्र रात्रीही चालू असते.

एक पर्याय तुलनेने प्रामाणिक आहे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो मुळात उसाने हवेतूनच घेतलेला असतो. त्या वायूवर वाढवलेल्या शेवाळाचे कार्बनखाते खरोखर साफ असते. अडचण एवढीच की आपल्याकडचे बहुतेक कारखाने समुद्रापासून दूर आहेत.

आजवर कोणी काय केले?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे या विषयावर मोठा कार्यक्रम चालवला. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. तीन हजारांवर जाती गोळा करून त्यांतून सुमारे तीनशे निवडल्या. न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल येथे प्रत्येकी एक हजार चौरस मीटरची तळी बांधली. दिलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९० टक्क्यांहून जास्त वायू तळ्यात वापरला जाऊ शकतो, हे तेथे सिद्ध झाले. काही दिवशी चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत उत्पादन मिळाले, पण थंड रात्रींमुळे दीर्घ मुदतीची सरासरी १० ग्रॅमच्या आसपास राहिली. पत्रकात कमाल आकडा असतो आणि ताळेबंदात सरासरी, हा फरक येथे स्पष्ट दिसतो. १९९८ च्या समारोपाच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की उत्पादनाबाबत आशावादी गृहीतके धरूनही हे डिझेल तेव्हाच्या खनिज डिझेलच्या दुप्पट महाग पडेल.

२००९ मध्ये एक्सॉनमोबिल या बलाढ्य तेल कंपनीने जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जीनॉमिक्स कंपनीशी करार केला; ६० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणुकीची घोषणा झाली. २०१७ मध्ये त्यांनी नॅनोक्लोरोप्सिसच्या जनुकांत बदल करून, वाढ फारशी न घटवता तेलाचे प्रमाण २० वरून ४० टक्क्यांवर नेले. विज्ञान म्हणून ही मोठी झेप होती. २०२५ पर्यंत रोज दहा हजार बॅरल बनवण्याची तांत्रिक क्षमता गाठण्याचे उद्दिष्टही जाहीर झाले. पण २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने या कामाचा निधी थांबवल्याच्या बातम्या आल्या. ज्यांच्याकडे पैसा, शास्त्रज्ञ आणि सबुरी तिन्ही होती, त्यांनाही इंधनाचे गणित जमले नाही, हे लक्षात ठेवावे.

आपल्या गुजरातेतही काम झाले आहे. भावनगरला १९५४ पासून केंद्र सरकारची मीठ व समुद्री रसायनांवर संशोधन करणारी संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी समुद्री सूक्ष्म शेवाळापासून बायोडिझेल तयार केले आणि ते २० टक्के मिसळलेल्या डिझेलवर नेहमीची गाडी चालवून दाखवली. जामनगरला रिलायन्सने अल्जेनॉल या अमेरिकी कंपनीबरोबर २०१५ मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. किनारा, ऊन, मिठागरे आणि मुंद्र्यासारखी समुद्राकाठची कोळशाची वीजकेंद्रे हे सगळे येथे आहे. म्हणून संशोधनाला गुजरात योग्यच. पण गाडी चालली म्हणजे धंदा चालला, असे होत नाही.

मग याचा उपयोग कुठे?

सूक्ष्म शेवाळाचा धंदा चालतोच. फक्त डिझेल म्हणून नव्हे. कोळंबीच्या बीज उत्पादन केंद्रांत पिल्लांना जिवंत शेवाळच खायला घालतात. ऑस्ट्रेलियात ड्युनालिएलापासून बीटा कॅरोटिन हे नारिंगी रंगद्रव्य अनेक वर्षे व्यापारी प्रमाणावर काढले जाते. माशांच्या तेलातले ओमेगा-३ शेवाळापासूनही मिळते. हा माल किलोला डिझेलच्या कितीतरी पट भावाने विकला जातो, म्हणून पाण्याचा उपसा आणि वाळवण परवडते. त्याची बाजारपेठ मात्र मर्यादित आहे. आपल्या घरातील कोणी मुलगा-मुलगी जैवतंत्रज्ञान शिकून या क्षेत्रात जात असेल तर त्यांना नाउमेद करू नये. काम पुष्कळ बाकी आहे. संशोधनात आयुष्य घालणे वेगळे आणि आयुष्याची पुंजी घालणे वेगळे.

पत्रक हातात आले तर

पैसे देण्यापूर्वी किंवा भाडेकरारावर सही करण्यापूर्वी पुढचे प्रश्न लेखी विचारावेत.

१. उत्पादनाचा आकडा एका दिवसाचा की पूर्ण वर्षाच्या सरासरीचा? किती मोठ्या तळ्यावर, किती वर्षे मोजला?

२. तळ्यातून बाटलीपर्यंत एक लिटर इंधन आणायला किती वीज, उष्णता आणि खत लागले?

३. कार्बन डायऑक्साइड कोण देणार, कोणत्या अंतरावरून, आणि तसा करार झाला आहे का? कार्बनची बचत कोणाच्या नावावर दाखवली जाणार?

४. तेल आज कोण विकत घेत आहे आणि कोणत्या भावाने? ‘पुढे घेणार आहेत’ हे उत्तर धरू नये.

५. प्रकल्प बंद पडला तर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळेल? तळ्यांचे प्लॅस्टिकचे अस्तर आणि साठलेले मीठ कोण काढणार?

जमीन देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सातबाऱ्यावर ‘पडीक’ लिहिलेल्या खाऱ्या जमिनीवर प्रत्यक्षात गुरे चरत असतात, खारफुटी वाढत असते, आसपास मिठागरात राबणाऱ्या अगरियांची वहिवाट असते. करार करताना आपल्याबरोबर त्यांचाही विचार करावा लागेल.

या पाचांपैकी पहिल्या चार प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळाले नाही, तर निवृत्तीचे पैसे आहेत तिथेच ठेवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्तरे मिळाली तर ती घेऊन मंडळात जरूर यावे. रिफायनरीतून निवृत्त झालेले आपले सभासद आणि आम्ही, सगळे बसून तो हिशेब पाहू.